कानवाल्या सिस्टर

आमच्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर छातीला स्टेथोस्कोपची नळी लावायच्या तेव्हा डोळे मिटून घ्यायच्या आणि एकदम गप्प व्हायच्या. एरवी त्या गप्प बसणाऱ्या बाई नव्हत्या. लसीकरणाच्या दिवशी समाजमंदिरात पोरांचा नुसता कालवा चालायचा, तरी सिस्टरांचा आवाज बाहेर रिक्षावाल्यांपर्यंत पोचायचा. नळी कानात गेली की मात्र त्या तिथे नसल्यासारख्या व्हायच्या. दहा-पंधरा सेकंदांत डोळे उघडले तर समोरची बाई सुटली. मिनिट होऊन गेलं आणि डोळे मिटलेलेच राहिले, तर रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून एकमेकींकडे बघायच्या. आमच्याकडे तेव्हा एक गोष्ट सगळ्यांनी पक्की धरली होती. सिस्टर जिला जास्त वेळ ऐकते, ती वर्ष काढत नाही.

अंजूरच्या पुढे, खाडीच्या बाजूला आमचं गाव. पूर्वी भातशेती होती, आता शेतांवर गोदामं आहेत आणि दिवसभर रस्त्यावरून मालाचे ट्रक धडधडत असतात. सिस्टर सोलापूरकडच्या. बदली होऊन इथे आल्या तेव्हा चाळिशीच्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. उपकेंद्रामागच्या एका खोलीत राहायच्या. मी त्याच सुमारास आशाताई म्हणून लागले होते. नळी कानात घालून, डोळे मिटून लोकांची छाती ऐकणारी नर्स गावाने आधी पाहिलेली नव्हती, म्हणून बायकांनी त्यांना ‘कानवाली’ म्हणायला सुरुवात केली. आधी ते नाव गमतीचं होतं.

गंमत संपली ती प्रकाशच्या वेळी. प्रकाश गोदामात माल चढवायचा. सव्वीस वर्षांचा, अंगाने दणकट. आईचं ब्लडप्रेशर तपासायला तिला घेऊन आला होता. उपकेंद्राच्या चार पायऱ्या चढून आला आणि बाकावर बसून तोंडाने श्वास घेऊ लागला. सिस्टरांनी आईचं काम संपवलं आणि म्हणाल्या, “तू ये रे इकडे.” तो हसतच पुढे झाला. त्या दिवशी मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. दोन मिनिटं. मग त्यांनी नळी त्याच्या मानेच्या बाजूला लावली, पुन्हा छातीवर आणली. डोळे उघडून त्या शांतपणे म्हणाल्या, “उद्याच्या उद्या ठाण्याला जायचं. चिठ्ठी देते. तोपर्यंत ओझं उचलायचं नाही.”

“मला काय झालंय?” प्रकाश म्हणाला. “होळी झाली की जातो.”

“होळीची वाट बघू नकोस.”

त्याने बघितली. होळीच्या आधी चार दिवस ट्रकच्या फळीवर खोकं घेऊन चढताना तो खाली बसला आणि बसल्या जागी आडवा झाला. गोदामातल्या लोकांनी पाणी मारलं, तोपर्यंत संपलं होतं. दिवसकार्याला त्याच्या आईने सगळ्यांसमोर सांगितलं, “तिनं दोन मिनटं कान लावला व्हता त्याला. तवाच मी समजले.” त्यानंतर सहा महिन्यांनी वरच्या पाड्यावरची एक बाळंतीण गेली. तिलाही सिस्टरांनी मिनिटभर ऐकलं होतं, तिलाही चिठ्ठी दिली होती, आणि तीही ठाण्याला गेली नव्हती. दोन माणसं पुरेशी झाली. बायका तपासणीला यायच्या, वजन करून घ्यायच्या, हातावर ब्लडप्रेशरची पट्टी बांधून घ्यायच्या, पण सिस्टरांनी नळी उचलली की म्हणायच्या, “पोराचं ऐका, माझं नको.”

सिस्टरांना हे ठाऊक होतं. एकदा रागाने म्हणाल्या, “मरण कुठं ऐकू येतं गं? मी झडप ऐकते. झडप खराब आहे म्हणून सांगते, तर म्हणतात हिनेच खराब केली.”

मला झडप म्हणजे काय ते माहीत नव्हतं. बारावी झाले होते, पण कला शाखेतून. हृदय म्हणजे छातीत डावीकडे असतं आणि घाबरलं की धडधडतं, एवढंच ज्ञान. हे कळल्यावर सिस्टर एका रविवारी थेट आमच्या घरी आल्या. येताना मटणवाल्याकडून बोकडाचं काळीज नव्हे, हृदय मागून आणलं होतं. दोन्हींत फरक आहे हेही मला त्या दिवशी समजलं. सासूबाई चुलीपाशी कांदा कापत होत्या. त्यांची विळी बाजूला सरकवून सिस्टरांनी परात मांडली.

“हे बघ. मूठभर. तुझं तुझ्या मुठीएवढं, माझं माझ्या.” त्यांनी ते हातावर घेऊन फिरवलं. “वर या दोन टोप्यांसारख्या दिसतात ना, त्या वरच्या खोल्या. रक्त आधी इथं येऊन थांबतं. खाली दोन मोठ्या. त्या ढकलतात.” मग ब्लेडने त्यांनी ते उभं चिरलं. उजवीकडची भिंत पातळ होती, डावीकडची बोटभर जाड. का, म्हणून मी विचारलं. “उजवीला शेजारी जायचंय, फुप्फुसात. तिथून रक्त हवा घेऊन परत डावीकडे येतं. डावीला ते डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचंय. ज्याला काम जास्त त्याचं अंग जाड.”

आत पांढऱ्या, ओल्या कागदासारख्या पातळ पाकळ्या होत्या आणि त्यांच्या कडांना बारीक पांढऱ्या दोऱ्या, खाली मांसात रुतलेल्या. मी एक दोरी बोटाने ओढून पाहिली. तुटेना. “ही झडप,” सिस्टर म्हणाल्या. “वरच्या खोलीतून खाली रक्त आलं की ही मिटते, म्हणजे परत वर जात नाही. या दोऱ्या तिला उलटी फिरू देत नाहीत. उजवीकडे तीन पाकळ्या, डावीकडे दोन. रक्त बाहेर पडतं त्या दोन नळ्यांच्या तोंडाशी आणखी दोन झडपा. एकूण चार.” मग त्यांनी त्यांतल्या मोठ्या नळीत तांब्याने पाणी ओतलं. पाणी आत गळून जाईल असं मला वाटलं होतं. आतल्या तीन इवल्याशा खिशांसारख्या पाकळ्या फुगल्या, एकमेकींना चिकटल्या आणि पाणी वरच थांबलं. मेलेल्या जनावराच्या झडपा होत्या त्या. तरी मिटल्या.

सासूबाई कांदा कापायच्या थांबल्या होत्या. त्या जवळ आल्या, परातीत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “आन् जीव कुठं असतो यात?”

“मला अजून सापडला नाही, आजी,” सिस्टर म्हणाल्या.

सासूबाईंना ते उत्तर आवडलं नाही. सिस्टर गेल्यावर त्यांनी परात तीनदा घासली.

ऐकायलाही सिस्टरांनीच शिकवलं. त्यांची जुनी नळी मला दिली आणि बजावलं, “तू डॉक्टर नाहीस, मीही नाही. आपण रोगाचं नाव सांगायचं नाही. ऐकायचं, वेगळं वाटलं तर तू मला सांगायचं, मी वर सांगेन.” आधी माझीच छाती ऐकायला लावली. लब्-डप्, लब्-डप्. पहिला आवाज वरच्या-खालच्या खोल्यांमधल्या झडपा मिटल्याचा, दुसरा बाहेरच्या नळ्यांच्या तोंडच्या. ठोका म्हणजे हृदय आपटल्याचा आवाज असेल असं मला वाटायचं. “नाही गं. दारं लागल्याचा आवाज आहे तो. उघडताना चांगली झडप आवाज करत नाही. चांगलं हृदय फार कंटाळवाणं असतं, तासभर ऐकलं तरी नवीन काही नाही.” मग त्यांनी दार लोटून घेतलं, खाटेवर डाव्या कुशीला वळल्या, ब्लाउजचं बटण सोडलं आणि म्हणाल्या, “आता हे ऐक.”

लब्-डप्. आणि त्यानंतर, पुढचा ठोका यायच्या आत, अगदी खालच्या सुरात घरघर. लांबच्या रस्त्यावरून भरलेला ट्रक जावा तशी. मी नळी काढून खिडकीबाहेर पाहिलं. रस्ता रिकामा होता.

“ट्रक नाही तो,” सिस्टर म्हणाल्या. “मी आहे.”

त्यांनी बटण लावता लावता सांगितलं. लहानपणी घसा दुखला होता, मग ताप, मग गुडघे सुजले. आज हा, उद्या तो. गावातल्या माणसाने तेल चोळलं, सूज उतरली, सगळे विसरले. त्या तापाने डावीकडची दोन पाकळ्यांची झडप आतून जून झाली, कडा एकमेकींना चिकटल्या. दोन बोटं जातील एवढं दार पेन्सिलीएवढं उरलं. नर्सिंग शिकताना, वर्गातल्या मुली एकमेकींची छाती ऐकण्याचा सराव करत होत्या तेव्हा कळलं. एकदा पायातल्या शिरेतून नळी घालून फुगा फुगवून दार मोकळं करून घेतलं होतं. ते पुन्हा आक्रसत चाललं होतं. डॉक्टर म्हणत होते झडपच बदला.

“मग?”

“पुढच्या वर्षी.” त्या थांबल्या. “भीती वाटते गं. छाती उघडतात. लोकांना सांगायला काय जातं माझं?”

तेव्हा मला एक गोष्ट उमगली. वरच्या पाड्याचा चढ चढताना सिस्टर मध्येच थांबायच्या आणि एखाद्या झाडाकडे बोट करून मला त्याचं नाव विचारायच्या. मी कौतुकाने सांगायचे, हा ऐन, हा कुडा, ही भेंड. घाटावरच्या बाईला आमच्या झाडांची केवढी हौस, असं मला वाटायचं. त्यांना झाडाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना दम लागायचा.

स्वतःचं असं झालं होतं म्हणून त्या शाळेतल्या पोरांच्या मागे लागायच्या. कुणाचा घसा दुखतोय, कुणाचा गुडघा सुजलाय, कोण खेळताना मागे राहतंय. तीन पोरांना त्यांनी शोधून काढलं आणि मोठ्या दवाखान्यात नेऊन दर तीन आठवड्यांचं पेनिसिलीनचं इंजेक्शन चालू करून दिलं. ती तिघं आज धडधाकट आहेत. एक तर कामतघरला कापडाच्या लूमवर ड्युटी करतो, सायकल दामटत जातो. पण धडधाकट माणसाची गोष्ट कोण सांगतं? गावात प्रकाशचीच चालायची.

आता माझ्या नणंदेचं सांगते. हे सांगितल्याशिवाय सिस्टरांचं सांगून होणार नाही.

रेश्मा माझी धाकटी नणंद, शेलार गावात दिलेली. पहिलटकरीण म्हणून सातव्या महिन्यात माहेरी आली. तिची नोंद आमच्याकडे करायची, तपासणी करायची, हे माझंच काम. पण ती आली त्याच दिवशी सासूबाईंनी मला मागच्या पडवीत नेलं.

“माझ्या पोरीला त्या कानवालीच्या पुढ्यात न्यायचं न्हाय.”

“आई, असं काही नसतं. तुम्ही बघितलंत ना परातीत?”

“बघितलं. परातीत जीव नव्हता. ती जिला ऐकते ती ऱ्हात न्हाय. तुला शिकवलंय ना तिनं? मंग तूच ऐक. घरच्या घरी.”

मी सिस्टरांना खोटं सांगितलं. रेश्मा शेलारलाच दाखवते म्हणून. सिस्टर म्हणाल्या, “तरी एकदा आण.” मी हो म्हटलं आणि नेलं नाही. सासूबाईंच्या धाकाने नेलं नाही असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे माझ्याही मनात प्रकाशची दोन मिनिटं बसलेली होती.

मी रेश्माला घरीच ऐकलं. एका दुपारी, ती डाव्या कुशीवर पडली होती, तेव्हा. लब्-डप्. आणि मागोमाग घरघर, खालच्या सुरात, लांबून. मी मान वर केली. रस्त्यावरून खरोखरच एक कंटेनर चालला होता. आमच्या घरापासून रस्ता शंभर पावलांवर. कंटेनर गेला. नळी अजून तिच्या छातीवर होती. अजून पाच सेकंद ऐकलं असतं तर खात्रीच झाली असती. मी नळी काढली.

“काय गो वहिनी?” रेश्माने विचारलं.

“काही नाही. छान आहे.”

त्यानंतर तीन आठवड्यांनी तिला आडवं पडलं की दम लागू लागला. उशा रचून बसायची. सासूबाई म्हणाल्या, पोर वर सरकलंय. पायांना सूज आली, तर म्हणाल्या, पहिल्या खेपेला येते. कोरडा खोकला सुरू झाला. मी रोज ठरवायचे की उद्या सिस्टरांना सांगायचं, आणि उद्या आला की वाटायचं, सांगितलं तर त्या येतील, डोळे मिटतील, आणि उघडणार नाहीत.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास सासूबाईंची किंकाळी ऐकून मी आत धावले. रेश्मा भिंतीला टेकून बसली होती, ओठ निळे पडले होते, प्रत्येक श्वासाला छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज. तोंडातून फेस येत होता आणि तो पांढरा नव्हता, गुलाबी होता. मी चप्पल न घालता उपकेंद्राकडे पळाले.

सिस्टरांनी मला एकच प्रश्न विचारला, “आडवी आहे की बसलेली?” आणि त्या निघाल्या. त्यांना धावता येत नव्हतं हे मला माहीत होतं. त्या धावल्या. घरात आल्या तेव्हा त्यांचा स्वतःचा श्वास फाटलेला होता. त्यांनी रेश्माला पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवलं, स्वतः मागे बसून तिची पाठ आपल्या छातीला टेकवली आणि मला ॲम्ब्युलन्सला फोन लावायला सांगितलं. मग नळी लावली. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले आणि डोळे गच्च मिटून घेतले. सिस्टरांनी मात्र या खेपेला डोळे मिटले नाहीत. पाच सेकंद ऐकलं, बस्स.

“आजी, हिला लहानपणी गुडघे सुजून ताप आला होता?”

सासूबाईंनी डोळे उघडले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, “नऊ वर्साची व्हती तवा. तेल लावलं व्हतं.”

ॲम्ब्युलन्सबरोबर आलेल्या माणसाने नेहमीच्या सवयीने तिला स्ट्रेचरवर आडवं करायला घेतलं. सिस्टर ओरडल्या, “झोपवायचं नाही! झोपवलं तर इथंच जाईल ती.” ऑक्सिजन लावला. ठाण्याच्या वाटेवर कशेळीच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली होती. भोंगा वाजवून उपयोग नव्हता, पुढच्यांना सरकायला जागाच नव्हती. ड्रायव्हरने मागे वळून सांगितलं, “मॅडम, आगे पूरा जाम है. दस मिनट, बीस मिनट, कुछ बोल नहीं सकता.” सिस्टर म्हणाल्या, “उतरके हटाओ सबको. बोलो दो जान हैं अंदर.” तो उतरला.

मी सिस्टरांना विचारलं, हिला नक्की काय होतंय. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. “दार अरुंद आहे. एरवी चालून गेलं. पण पोटुशीच्या अंगात रक्त वाढतं, ठोके वाढतात. ठोके वाढले की वरच्या खोलीला रिकामं व्हायला वेळ उरत नाही. ते रक्त मागे तुंबतं. मागे फुप्फुस आहे. तिथं पाणी सुटलंय. बुडतेय ती, कोरड्यात.”

रेश्माने ते ऐकलं की नाही कोण जाणे. तिची बोटं सिस्टरांच्या मनगटात रुतली होती. बाहेर ड्रायव्हर ट्रकच्या दारांवर थापा मारत चालला होता. मग सिस्टर माझ्याकडे वळल्या.

“तू ऐकलं होतंस हिला?”

“नाही,” मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी सिलिंडरचा काटा वाचत असल्यासारखं केलं. पुढची गाडी हलली.

रेश्मा वाचली. पाणी कमी करायची औषधं देऊन दोन दिवसांनी डॉक्टरांनी तिच्या मांडीतल्या शिरेतून नळी घातली, ती हृदयाच्या उजव्या वरच्या खोलीत नेली, दोन वरच्या खोल्यांमधली भिंत भोकसून डावीकडे आणली आणि चिकटलेल्या झडपेत फुगा फुगवला. पोटावर शिशाचं जड आवरण ठेवलं होतं, बाळाला किरण लागू नयेत म्हणून. अर्ध्या तासात तिचे ओठ माणसासारखे दिसायला लागले. दिवस भरल्यावर मुलगी झाली. रडली की शेजारच्या आळीत ऐकू जायची.

सासूबाईंनी जिताडा मासा आणवला. खाडीचा, ताजा. सिस्टरांना मीठ बंद आहे हे मी सांगितल्यावर त्यांनी जन्मात पहिल्यांदा कालवणात मीठ घातलं नाही, आणि पातेलं स्वतः घेऊन उपकेंद्रामागच्या खोलीत गेल्या. सिस्टर जेवल्या, ताट चाटूनपुसून साफ केलं. सासूबाई शेवटपर्यंत माफीचा शब्द बोलल्या नाहीत. निघताना एवढंच म्हणाल्या, “तुमचं बी करून घ्या की ते फुग्याचं.” सिस्टर म्हणाल्या, “पुढच्या वर्षी, आजी.”

त्या धावण्याने झालं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण त्या महिन्यापासून सिस्टरांच्या हृदयाचा ठेका गेला. एके दिवशी रजिस्टर लिहिता लिहिता मला म्हणाल्या, “जरा ऐक बघू.” मी ऐकलं. लब्-डप्, मग मोठा खंड, मग तीन ठोके एकावर एक, मग पुन्हा काही नाही. मोजताच येईना.

“वरची खोली आता नीट आवळत नाही, नुसती थरथरते,” सिस्टर म्हणाल्या. “रक्त साचून राहतं. साचलेलं रक्त गोठतं. गुठळी सुटली तर कुठं जाईल ते तिचं तिला माहीत.” हे त्या उद्याच्या लसींची यादी सांगावी तसं सांगत होत्या. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. ऑपरेशनसाठी रजेचा अर्जही त्यांनी दिला होता, दिवाळीनंतरचा. मी त्या दिवसांत त्यांच्या आगेमागे फिरायचे. ॲम्ब्युलन्समधलं ते ‘नाही’ खोटं होतं, हे सांगायचं राहिलं होतं. कितीदा वाटलं, आता सांगावं. त्या रागावल्या असत्या तर मला सोसलं असतं. पण त्यांनी आपल्या खाटेवर आपली छाती मला ऐकवून जे शिकवलं, तेच मी ओळखूनही दाबून ठेवलं, हे त्यांच्या तोंडावर बोलायला जीभ रेटत नव्हती.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात समाजमंदिरात लसीकरण होतं. सिस्टरांनी एका बाळाची मांडी धरली, दुसऱ्या हातातली सिरिंज फरशीवर पडली. त्या उचलायला वाकल्या. हात सिरिंजपर्यंत जात होता, बोटं मिटत नव्हती. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा. मी म्हटलं, “सिस्टर?” त्यांनी वर पाहिलं, तेव्हा तोंडाची उजवी बाजू खाली ओघळलेली होती. गुठळी डोक्यात गेली होती.

पुन्हा तोच रस्ता, तीच ॲम्ब्युलन्स. गावात त्या दिवशी काय बोललं गेलं ते मला नंतर समजलं. काही बायका रडल्या. काही म्हणाल्या, लोकांना लावता लावता तिचा कान तिलाच लागला.

जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. सगळे शब्द जाऊन एकच मागे राहिला. का तोच राहिला हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. “बरं.” पाणी हवं असलं तरी बरं, सुई टोचली तरी बरं. भाऊ सोलापूरहून आला, त्याने “मला ओळखलंस का, ताई?” म्हणून विचारलं, तरी बरं. कधी डोळ्यांत पाणी आणून बरं, कधी चिडून पलंगाच्या दांडीवर हात आपटून बरं. त्या बाईचा आवाज रिक्षा स्टँडपर्यंत जायचा.

महिन्याभराने भाऊ त्यांना दवाखान्यातून घेऊन, सोलापूरला जाता जाता गाडीने गावात आला. खोलीतलं सामान फार नव्हतं. दोन पेट्या, एक खुर्ची, पुस्तकं. रेश्मा मुलीला घेऊन आली होती, सासूबाई होत्या, शाळेतले मास्तर होते. प्रकाशची आईही होती, लांब, हापशाजवळ उभी. सिस्टरांना मागच्या सीटवर उशांच्या आधाराने बसवलं होतं. रेश्माने मुलीला त्यांच्या डाव्या मांडीवर दिलं. त्यांनी तिला धरलं. “बरं,” म्हणाल्या.

भाऊ सामानाला दोऱ्या बांधायला मागे गेला. रेश्मा मुलीला घेऊन बाजूला झाली. मी गाडीत वाकले, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं. की मी रेश्माला ऐकलं होतं. की मला ऐकू आलं होतं. की कंटेनर निघून गेला होता आणि मला ते माहीत होतं. की ॲम्ब्युलन्समध्ये मी खोटं बोलले. सगळं एका दमात सांगितलं, कारण थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. चेहऱ्याची एकच बाजू हलत होती, त्यामुळे त्यावर काय आहे ते कळायला मार्ग नव्हता. त्यांनी डावा हात उचलला, अर्ध्यावर आणला, आणि परत मांडीवर ठेवला.

“बरं,” त्या म्हणाल्या.

भावाने दार लावून घेतलं. गाडी गोदामांच्या रस्त्याला लागली आणि दोन ट्रकांच्या मध्ये दिसेनाशी झाली. फेब्रुवारीत त्याचा फोन आला, ताई गेली म्हणून. मी त्याला विचारलं, शेवटी काही बोलल्या का. तो म्हणाला, “तेच, एकच शब्द. तुम्हाला माहीतच आहे.”

मला माहीत नाही. तो त्यांनी कळून म्हटला होता की नुसता तोंडून निघाला होता, राग होता की माफी, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.